खिळ्यांची पेटी आणि यंत्राची अक्षरयादी

(सार्वजनिक व्याख्यानमालेतील व्याख्यानाचे हे शब्दांकन. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे.)



सुरुवात एका चुकीपासून करतो. चूक माझीच आहे, त्यामुळे सांगायला हरकत नाही.

काही वर्षांपूर्वी एका जुन्या वाचनालयाच्या पुस्तकांचं काम माझ्याकडे आलं. पानांची छायाचित्रं काढून झाली होती. ती यंत्राकडून वाचून घ्यायची आणि शोधता येईल असा मजकूर तयार करायचा, एवढंच काम. त्यात एक प्रवासवर्णन होतं, सह्याद्रीतल्या पायपिटीचं. यंत्राने वाचलेला मजकूर मी चाळायला घेतला, तर लेखक सह्याद्रीत फिरतोय आणि पानोपानी 'दर्या' लागतोय. 'खोल दर्या', 'दर्या ओलांडून'. मूळ पानावर अर्थातच 'दऱ्या' होतं. छपाई सुबक होती, छायाचित्र स्वच्छ होतं. पुढे एका लग्नाच्या वर्णनात तर पंगतीचा स्वयंपाक 'आचार्यांनी' केला! होते बिचारे आचारी.

आधी वाटलं, यंत्र चुकतंय. मग शोध घेतला तेव्हा कळलं की यंत्राला शिकवण्यासाठी मी जी सामग्री दिली होती, तिच्यात हा कोयरीसारखा अर्धा र एकदाही नव्हता. जे अक्षर दाखवलंच नाही, ते यंत्र ओळखणार कसं? ते त्यातल्या त्यात जवळचं अक्षर देतं, आणि अगदी ठामपणे देतं. तो र माझ्या सामग्रीतून गेला कुठे, ते पुढे सांगतो. ती गंमत इतिहासाशी जोडलेली आहे.

आजचा विषय हाच. यंत्राने वाचायला सुरुवात करण्याआधी कुणीतरी एक यादी करतं: या लिपीत अक्षरं कोणती आणि किती. आपल्याला वाटतं, यात काय करायचं आहे? वर्णमाला तर पहिलीच्या पुस्तकात आहे. पण ही यादी करणं किती अवघड आहे, हे आपल्याकडे चारशे वर्षांपूर्वी एका माणसाला कळलं होतं.

सहाशे साचे

तो माणूस म्हणजे फादर थॉमस स्टीफन्स. इंग्रज जेझुइट, आयुष्य गोव्यात गेलेलं, आणि मराठीवर लोभ असा की 'ख्रिस्तपुराण' मराठी ओव्यांत लिहिलं. गोव्यात छापखाना १५५६ सालीच आला होता. म्हणजे यंत्र होतं, कागद होता, लेखक होता, वाचक होते. तरीही १६१६ साली ख्रिस्तपुराण छापलं गेलं ते रोमन लिपीत.

का? याचं उत्तर स्टीफन्सनी १६०८ साली रोमला आपल्या वरिष्ठांना लिहिलेल्या पत्रात मिळतं. इथल्या भाषेत आणि इथल्या लिपीत पुस्तक छापावं अशी त्यांची इच्छा होती. अडचण होती साच्यांच्या संख्येची. युरोपात चोवीस साच्यांत काम भागतं, इथे सहाशेच्या घरात साचे लागतील, असा त्यांचा हिशेब होता.

हा हिशेब आपण करून बघू. मराठीत क पासून ळ पर्यंत ३४ व्यंजनं. प्रत्येकाची बाराखडी धरली तर ३४ गुणिले १२, म्हणजे ४०८. त्यात स्वर मिळवा, अंक मिळवा, आणि मग जोडाक्षरं: क्त, त्र, द्ध, श्र, स्त, ष्ट, ज्ञ, क्ष... सहाशेला पोचायला वेळ लागत नाही. स्टीफन्स अतिशयोक्ती करत नव्हते. त्यांनी लिपी डोळ्यांपुढे आणली, वेगवेगळ्या आकृत्या मोजल्या आणि खर्च पाहिला. यादी परवडली नाही म्हणून लिपी बदलली. ख्रिस्तपुराणाची देवनागरी आवृत्ती निघायला १९५६ साल उजाडलं. ती शांताराम बंडेलू यांनी पुण्यात काढली. मध्ये ३४० वर्षं गेली.

यात एक प्रश्न लपलेला आहे, तो लक्षात ठेवा. स्टीफन्सनी 'कि' आणि 'की' हे दोन वेगळे साचे धरले. पण 'क' एक, वेलांट्या दोन, असं धरलं असतं तर? मग साचे कमी झाले असते, पण ते एकमेकांना जोडायचं काम वाढलं असतं. अख्खं अक्षर मोजायचं की त्याचे तुकडे मोजायचे? या एका प्रश्नाभोवती पुढचा सगळा इतिहास फिरतो.

जुळाऱ्याची केस

आता दोनशे वर्षं पुढे येऊ. १८०५ साली बंगालमध्ये श्रीरामपूरला विल्यम कॅरी यांचं मराठी व्याकरण निघालं, त्यात देवनागरी खिळे वापरले होते. त्यांचाच मराठी-इंग्रजी शब्दकोश १८१० साली आला, त्यासाठी मोडीचे खिळे पाडले गेले. म्हणजे मराठी छपाईची सुरुवात महाराष्ट्राबाहेर झाली. मुंबईत मग अमेरिकन मिशनचा छापखाना आला, गणपत कृष्णाजींनी १८३१ साली शिळाछापावर पंचांग काढलं, आणि पुढे १८६९ साली जावजी दादाजींनी निर्णयसागर छापखाना काढला. निर्णयसागरचे खिळे इतके देखणे होते की त्यांनी देवनागरी छपाईला वळण लावलं.

शिळाछापाबद्दल थांबून एक सांगतो. शिळाछाप म्हणजे दगडावर हाताने लिहिलेलं अक्षर. तिथे साचा नाही, म्हणून यादीही नाही. लिहिणारा एकाच पानात 'ल' दोन तऱ्हेने काढू शकतो. खिळ्यांचं तसं नाही. खिळ्याचा प्रत्येक 'ल' एकाच साच्यातून पडतो. यंत्राला वाचायला देताना शिळाछापाचं पुस्तक आणि खिळ्यांचं पुस्तक एका ढिगात टाकू नये, ते यासाठी. पहिलं खरं तर हस्तलिखित आहे.

जुना छापखाना ज्यांनी पाहिला असेल त्यांना केस आठवत असेल. लाकडी, उथळ, खणाखणांची पेटी. प्रत्येक खणात एक आकृती. जुळारी समोर उभा, न बघता हात योग्य खणात जातो. मात्रा-वेलांटीचे काही खिळे अक्षरासकट ओतलेले, काही सुटे, रफार वेगळा, अर्धी अक्षरं वेगळी. काना सगळ्यात जास्त लागणार, म्हणून त्याचे खिळे भरपूर. 'ङ' चे थोडे. कोणता खिळा किती लागेल याचं ज्ञान फाउंड्रीवाल्याला आणि जुळाऱ्याला अनुभवाने असायचं.

ही केस म्हणजे त्या काळाची अक्षरयादी. तीत जे नाही ते छापता येत नाही. आणि म्हणून केस लहान करण्याची धडपड सतत चालू राहिली. टिळकांनीसुद्धा खिळ्यांची संख्या कमी करण्याच्या प्रश्नात लक्ष घातलं होतं. सावरकरांनी स्वरांना बाराखडी लावली: अि, अी, अु, अू, अे, अै. म्हणजे इ, ई, उ, ऊ, ए, ऐ हे सहा खिळे गेले, कारण 'अ' आणि मात्रा केसमध्ये होत्याच. काही नियतकालिकांनी हे लेखन प्रत्यक्ष वापरलं. मग टंकलेखन यंत्र आलं. त्याच्या मोजक्या कळांवर सगळं बसवायचं, म्हणून एकाखाली एक रचलेली जोडाक्षरं मोडून शेजारी-शेजारी आली. १९५३ साली लखनौच्या परिषदेत असं ठरलं की ऱ्हस्व इकाराची वेलांटी अक्षराच्या डावीकडे न देता उजवीकडे, आखूड दांडीने द्यावी. चार वर्षांनी, १९५७ साली, तो निर्णय मागे घेतला गेला. 'ख' चा 'रव' वाचला जातो, म्हणून 'ख' ची खालची बाजू जोडून घ्यायची सुधारणा मात्र टिकली.

या सगळ्या सुधारणा आपण विसरलो. पण त्या काळात छापलेली पुस्तकं कपाटात आहेत. म्हणजे 'मराठीची अक्षरं' अशी एक यादी नाहीच. १८७० ची एक यादी आहे, १९४० ची दुसरी आहे, आजची तिसरी आहे.

आकृतीकडून संकेताकडे

संगणक आल्यावर प्रश्न उलटा झाला. तोवर यादी आकृत्यांची होती. आता ती संकेतांची झाली. आधी इस्की हे भारतीय मानक आलं, १९९१ मध्ये ते नव्या रूपात पक्कं झालं. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली, आणि तिच्यातली देवनागरी इस्कीच्या आधीच्या, १९८८ च्या मसुद्यावर बेतलेली होती. युनिकोडने देवनागरीला दिलेल्या पट्ट्यात जागा किती? १२८. स्टीफन्सचे सहाशे साचे १२८ घरांत मावले, आणि वर घरं शिल्लक राहिली!

कसं जमलं? तुकडे मोजून. 'क्त' असं घर नाहीच. क, हलन्त आणि त असे तीन संकेत एकापुढे एक ठेवायचे, आकृती फॉन्टने काढायची. 'कि' म्हणजे आधी क, मग वेलांटी. खिळे जुळवताना वेलांटी आधी बसायची, कारण ती डावीकडे दिसते. संगणकात ती नंतर येते, कारण ती नंतर उच्चारली जाते. डोळ्यांचा क्रम आणि कानाचा क्रम इथे वेगळे झाले.

आता तो हरवलेला र. 'दऱ्या' मधला अर्धा र युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येतो. एक, 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर घेऊन त्याला हलन्त द्यायचा. दोन, साधा र, हलन्त, आणि मग एक अदृश्य जोडचिन्ह, ज्याला पडद्यावर रुंदीच नसते. दोन्ही पडद्यावर सारखेच दिसतात. मी शिकवणीसाठी जमवलेल्या मजकुरात दुसरी रीत होती. आणि मी काय केलं? मजकूर 'स्वच्छ' केला. न दिसणारी चिन्हं म्हणजे कचरा, असं समजून एका आज्ञेत सगळी काढून टाकली. जोडचिन्ह गेलं, र चा रफार झाला, हजारो 'दऱ्या' चे 'दर्या' झाले. त्या मजकुरावरून यंत्रासाठी पानं तयार केली आणि यंत्र इमानदारीने तेच शिकलं.

असंच दुसरं उदाहरण 'ॲ' चं. बॅटमधली चंद्रकोर व्यंजनावर देता यायची, पण 'ॲ' या सुट्ट्या स्वराला युनिकोडमध्ये स्वतंत्र घर मिळालं २००८ साली. त्याआधी लोक 'अ' वर चंद्रकोर ठेवून काम भागवत, आणि अनेक जण आजही भागवतात. दिसायला सारखंच, आत वेगळं. यादीत दोन्ही शिरले तर यंत्राला एका आकृतीची दोन नावं शिकवली जातात. आकडेवारी दोघांत वाटली जाते आणि नंतर शोधताना अर्धी पानं सापडत नाहीत.

यंत्राची केस

भारतात देवनागरी यंत्राने ओळखण्याचं संशोधन जुनं आहे. आर. एम. के. सिन्हा आणि एच. एन. महाबला यांचा यावरचा निबंध १९७९ चा. पण सामान्य माणसाच्या हाती येईल असं साधन म्हणून मी टेसरॅक्टबद्दल बोलतो, कारण त्याची यादी उघडून बघता येते. हे सॉफ्टवेअर ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीत १९८५ ते १९९४ या काळात घडलं, २००५ साली सगळ्यांसाठी खुलं झालं आणि पुढच्या वर्षापासून गूगलच्या आश्रयाने वाढलं.

त्यात 'युनिकॅरसेट' नावाची एक साधी मजकुराची फाइल असते. पहिल्या ओळीत एक आकडा: एकूण घटक किती. मग प्रत्येक ओळीवर एक घटक, आणि त्याच्यापुढे त्याची माहिती: हे अक्षर आहे, अंक आहे की विरामचिन्ह; कोणत्या लिपीचं; ओळीत साधारण किती उंचीवर बसतं. पहिल्यांदा ती फाइल उघडली तेव्हा मला जुळाऱ्याची केसच आठवली. खणाखणात एक घटक, आणि जे यादीत नाही ते यंत्राच्या तोंडून बाहेर पडणं शक्य नाही.

जुन्या, तिसऱ्या आवृत्तीपर्यंत शिकवण्याची पद्धत अशी होती: पानाचं चित्र घ्यायचं, प्रत्येक अक्षराभोवती चौकट आखायची, आणि चौकटीत काय आहे ते लिहायचं. इंग्रजीला हे सोपं. आपल्याकडे शिरोरेषेने सगळा शब्द एका तारेवर वाळत घातलेला! आधी ती रेषा कापायची, त्यासाठी त्या सॉफ्टवेअरमध्ये वेगळा भाग लिहावा लागला. आणि मग पुन्हा स्टीफन्सचाच प्रश्न: 'कि' ला एक चौकट की दोन? अख्ख्या अक्षराला एक चौकट दिली, की यादी शेकड्यांनी फुगते.

नमुने किती द्यायचे, यावर टेसरॅक्टच्या माहितीपुस्तकात सल्ला होता: प्रत्येक अक्षराचे दहा नमुने चांगले, दुर्मीळ अक्षराला पाच चालतील, नेहमीच्या अक्षरांना निदान वीस द्या. दुसरा सल्ला: सगळी विरामचिन्हं एका ओळीत कोंबू नका, खऱ्या मजकुरात येतात तशी पेरा. कारण स्वल्पविराम हा शेजारच्या अक्षराच्या तुलनेतच स्वल्पविराम वाटतो. एकटा काढला तर तो नुसता ठिपका. फाउंड्रीवाला जे अनुभवाने जाणत होता, तेच इथे नियम म्हणून आलं.

त्या आवृत्तीत आणखी एक फाइल असे, गोंधळाची यादी. 'हे दिसलं तर ते असू शकेल' अशा जोड्यांची. मराठीसाठी ती करायला बसलात की पहिली जोडी कोणती लिहाल? 'रव' आणि 'ख'. १९५३ च्या परिषदेने ज्याच्यासाठी अक्षराचा आकार बदलला, तो घोळ जुन्या पुस्तकांच्या निमित्ताने परत समोर उभा.

२०१८ साली चौथी आवृत्ती आली आणि चौकटी गेल्या. आता अख्ख्या ओळीचं चित्र द्यायचं आणि त्या ओळीचा मजकूर द्यायचा. यंत्र ओळ दोन्ही दिशांनी पाहतं आणि कोणता तुकडा कुठे हे स्वतः शोधतं. त्यामुळे देवनागरीची यादी अख्ख्या अक्षरांऐवजी तुकड्यांची करता आली, आणि आटोपशीर झाली. स्टीफन्सच्या प्रश्नाला मिळालेलं हे नवं उत्तर.

पण यादी लहान झाली म्हणजे जबाबदारी संपली नाही. ती यादीतून निघून मजकुराच्या निवडीत गेली. यंत्राला आता अक्षरांबरोबर त्यांचं शेजारपणही कळतं. कशानंतर काय येतं याची त्याला सवय लागते. लॅटिन लिपीच्या भाषांसाठी सुमारे चार लाख ओळी आणि साडेचार हजार फॉन्ट वापरल्याचं टेसरॅक्टची माहिती सांगते. इतका मजकूर हाताने कोण लिहिणार? तो जालावरून घेतात आणि फॉन्टमध्ये छापून त्याची चित्रं करतात. जालावरची मराठी म्हणजे आजची मराठी. आणि इथे खरा धोका सुरू होतो.

अनुस्वाराची गोष्ट

१९६२ साली मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम आले. त्यांनी व्युत्पत्तीवरून येणारे, उच्चारात न उरलेले अनुस्वार काढून टाकले. शाळेतल्या मुलांची सुटका झाली, ते योग्यच झालं. पण त्याआधीची सगळी मराठी त्या अनुस्वारांसकट छापलेली आहे. 'नाहीं', 'कांहीं', 'पांच', 'नांव', 'घरांत', 'तें', 'केलें'.

आजच्या मजकुरावर शिकलेल्या यंत्राला असं पान दिलं की काय होतं? अनुस्वार यादीत आहे, ठिपका चित्रात स्पष्ट आहे. पण 'नाही' नंतर ठिपका येतो हे यंत्राने कधी पाहिलेलं नाही. ठिपका म्हणजे कागदावरचा डाग असावा, असं धरून ते मोकळं होतं. 'नाहीं' चं 'नाही' होतं. पुष्कळ जण म्हणतात, बरंच झालं की, वाचायला सोपं!

पण हे पाहा. जुन्या लेखनात 'तीं आलीं' म्हणजे ती मुलं आली: नपुंसकलिंगी, अनेकवचन. अनुस्वार पुसला की 'ती आली'. एक बाई आली! उलट बाजूने, जुन्या पुस्तकात 'घरांत' म्हणजे एकाच घरात. यंत्राने अनुस्वार नीट ठेवला तर आजचा वाचक ते अनेक घरांमध्ये असं वाचेल. म्हणजे अनुस्वार पुसणं हा उपाय नाही, आणि नुसता ठेवूनही भागत नाही. मजकूर कोणत्या काळचा आहे ही नोंद त्याच्यासोबत राहिली पाहिजे.

शुद्धलेखनाच्या इतिहासावर काम करणारा कुणी उद्या विचारेल, अमुक लेखक अनुस्वार कधीपासून गाळू लागला? छापील प्रतीत याचं उत्तर आहे. यंत्राच्या मजकुरात तो लेखक पहिल्या दिवसापासून १९६२ चे नियम पाळताना दिसेल. आणि दरम्यान मूळ प्रत वाळवीने खाल्ली असेल तर?

किमतीचंही तसंच. जुन्या पुस्तकांच्या मलपृष्ठावर किंमत असते '१॥ रुपये'. म्हणजे दीड रुपया. एक दांडी म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, ही आपली हिशेबाची रीत. अंकाशेजारी दुहेरी दांडी येते हे यंत्राला दाखवलं नसेल तर ते काय वाचतं? '१११'. दीड रुपयाचं पुस्तक एकशे अकरा रुपयांचं झालं! आणि हा आकडा चुकीचा वाटतही नाही, कारण आज पुस्तकाची किंमत तेवढी असतेच.

सावरकरी लेखनाची पुस्तकं तर आणखी पुढची पायरी. 'अु' असा मजकूर तुम्ही शिकवणीला दिलात, तर नियम तपासणारा भाग म्हणू शकतो की स्वरानंतर मात्रा येत नाही, ही ओळ अवैध, आणि ती बाजूला काढतो. एका माणसाने विचारपूर्वक मांडलेली सुधारणा यंत्राच्या लेखी टंकनदोष ठरते.

मग करायचं काय

उपाय अवघड नाहीत, चिकाटीचे आहेत. मी आता काय करतो ते सांगतो.

यादी करण्याआधी पुस्तकं काळानुसार वेगळी करतो. १९६२ च्या आधीची आणि नंतरची हा मोठा भेद; त्यात शिळाछाप वेगळा, सावरकरी लेखन वेगळं. मग प्रत्येक गटातली काही पानं, निरनिराळ्या छापखान्यांची, हाताने उतरवतो. जसं आहे तसं. चुकीचं छापलं असेल तर चुकीचंच. इथे मुद्रितशोधकाची सवय आड येते; हात आपोआप दुरुस्ती करतो, त्याला आवरावं लागतं.

उतरवलेल्या मजकुरातून यंत्राकडून यादी काढून घेतो आणि ती ओळ न् ओळ वाचतो. प्रत्येक घटक किती वेळा आला ते पाहतो. एकदाच आलेला घटक एकतर दुर्मीळ रत्न असतं किंवा टंकनातली चूक. अर्धा र एकाच रीतीने लिहिलाय ना? 'ॲ' एकच आहे ना? अदृश्य चिन्हं किती आणि कुठे? आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे यादीत काय नाही? अवग्रह, पाव-अर्ध्याच्या दांड्या, ॠ, ङ, ञ. जे नाही ते यंत्र आपणहून कधीच सांगणार नाही. ते आपल्यालाच विचारावं लागतं.

शेवटी, शिकवताना न वापरलेली काही पानं बाजूला ठेवून त्यांवर परीक्षा घेतो. एकूण किती टक्के बरोबर, यावर समाधान मानत नाही. माझ्या पहिल्या कामात एकूण आकडा छान होता. अर्धा र मराठीत येतोच किती? शंभरात एकही नसेल. त्यामुळे तो सगळाच्या सगळा चुकला तरी गुणपत्रिका चकचकीत. म्हणून अक्षरागणिक हिशेब मांडतो.

आणि एक विनंती. तुमच्या ओळखीत कुणाचा जुना छापखाना बंद पडला असेल, तर खिळे भंगारात गेले असतील; पण खिळ्यांच्या नमुन्याची पुस्तकं, केसच्या खणांचे तक्ते कुठे माळ्यावर असतील तर टाकू नका. बापूराव नाईकांनी देवनागरी मुद्रणाक्षरांवर तीन खंड लिहिले, पहिला १९७१ साली आला. त्या परंपरेतला प्रत्येक कागद आज नव्या कामाला येतो. त्या काळी कोणत्या आकृत्या चालत होत्या, हे त्या तक्त्याइतकं नेमकं कुणी सांगत नाही.

एक प्रश्न

(व्याख्यानानंतर एका श्रोत्याने विचारलं: आता नवी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनं अख्खं पान एका दमात वाचतात. मग अशा यादीची गरज उरते का?)

प्रश्न चांगला आहे. त्या साधनांना अशी उघडी यादी नसते हे खरं. पण त्यांनी जो मजकूर पाहिला, तीच त्यांची यादी. फरक एवढाच की युनिकॅरसेट मी उघडून वाचू शकतो, कोणता खण रिकामा आहे ते बोट ठेवून दाखवू शकतो. तिथे ते जमत नाही. शिवाय ही साधनं अस्खलित मराठी लिहितात. 'खोल दर्या' असं वेडंवाकडं वाक्य आलं की मला निदान शंका आली. ते साधन वाक्य नीट जुळवून देईल, आणि मूळ पानावर दुसरंच काही असेल. तेव्हा तुलनेसाठी हाताने, जसंच्या तसं उतरवलेली पानं आपल्यापाशी हवीतच. दहा-दहा पानं वाटून घेतली तर एका वाचनालयाचं काम एका पावसाळ्यात होतं. ज्यांना यायचं असेल त्यांनी माझ्याकडे नाव द्या.